मदत हवी आहे: कोलकात्यात कुठे, कधी, काय खायचं? (सोबत संकष्टीवाल्या सासूबाई आणि मासेखाऊ सासरे)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत सहकुटुंब कोलकात्याला चाललोय. गुरुवारी रात्री उशिरा पोचणार, सोमवारी दुपारी परतीचं विमान. मुक्काम पार्क स्ट्रीट मेट्रोच्या जवळ. विमान, हॉटेल सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते खाण्यावर. ज्याला सांगावं तो दोन नावं सुचवतो, त्यामुळे यादी आता पान भरून झाली आहे आणि जेवणाच्या वेळा मात्र तेवढ्याच आहेत.

आधी माणसं सांगते. नवरा आणि मी काहीही खातो. सासरे मालवणचे, ताटात मासा नसेल तर ते जेवले असं धरायचं नाही. तिकिटं काढल्यापासून हिल्सा, हिल्सा चाललंय. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही. शेजारी कुणी मासा खाल्ला तर चालतो, पण चमचा इकडचा तिकडे झालेला चालत नाही. आणि शनिवारी नेमकी संकष्टी! त्या दिवशी चंद्र दिसेपर्यंत उपास, आणि सोडायचा तोही कांदा-लसूण नसलेल्या जेवणावर. लेक नऊ वर्षांची, तिखट अजिबात नाही.

आमचा कच्चा बेत असा:

शुक्रवार: सकाळी फ्लुरीजमध्ये नाश्ता, मग व्हिक्टोरिया मेमोरियल, दुपारी पीटर कॅटमध्ये चेलो कबाब, संध्याकाळी न्यू मार्केटात नाहूमचा केक, निझामचा काठी रोल, रात्री बटाटावाली बिर्याणी.
शनिवार: संकष्टी, म्हणून खाण्याचं काहीच ठेवलं नाही. संग्रहालय वगैरे.
रविवार: पहाटे टिरेट्टा बाजारात चिनी नाश्ता, मग दक्षिणेश्वर, परत येऊन कॉलेज स्ट्रीट आणि कॉफी हाउस, रात्री टांगरा (चिनी वस्तीतलं जेवण).
सोमवार: मिठाई खरेदी आणि विमानतळ.

प्रश्न: एवढं झेपेल का? शाकाहारी बंगाली जेवण नीट कुठे मिळेल? शनिवारी सासूबाईंनी काय खायचं? हिल्सा कुठे खावा? आणि एका संध्याकाळी आम्हा दोघांना शांतपणे एकेक बिअर घ्यायची आहे, त्याचीही सोय सुचवा.

आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद : हुगळीकाठ

नोकरीनिमित्त बरीच वर्षं तिथे काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या शुक्रवारी सकाळपासून रात्रीपर्यंत लोणी, मैदा आणि मांस आहे. चेलो कबाबचं ताट म्हणजे भाताचा डोंगर, त्यावर लोणी, अंडं आणि भोवती कबाब. ते दुपारी दोनला संपवून संध्याकाळी काठी रोल जात नाही हो. शिवाय पीटर कॅटच्या दारात सुट्टीच्या दिवसांत चांगली लांब रांग असते. दार उघडायच्या सुमाराला जा, नाहीतर नऊ वर्षांची लेक आणि दोन ज्येष्ठ घेऊन फुटपाथवर उभं राहावं लागेल.

दुसरं, कॉलेज स्ट्रीट रविवारी नको. पुस्तकांची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात आणि त्यांच्याशिवाय तो रस्ता म्हणजे नुसती बंद शटरं. शनिवारी जा.

आणि तुम्ही रिकामा ठेवलेला शनिवारच खरं तर सासूबाईंचा खाण्याचा दिवस आहे! कॉलेज स्क्वेअरजवळ पॅरामाउंट आहे, 1918 पासूनचं सरबताचं दुकान. तिथलं डाब सरबत म्हणजे शहाळ्याचं पाणी आणि वर कोवळी मलई. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी त्याची कृती दिली असं सांगतात. उपासाला याहून चांगलं काय? तिथून उत्तरेला हेदुआच्या बाजूला नकुड (गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी), 1844 चं दुकान. तिथे फक्त संदेश मिळतात. गजाआडून माणूस पानावर किंवा डब्यात देतो, आपण रस्त्यावर उभं राहून खायचं. दक्षिणेला बोबाजारात भीम नाग. त्यांच्या भिंतीवर कुक अँड केल्वी कंपनीचं जुनं घड्याळ आहे, आकडे बंगालीत. लेकीला वेळ वाचायला सांगा, पाच मिनिटं शांततेची हमी.

उपासाच्या दृष्टीने एवढं लक्षात ठेवा: साधा संदेश म्हणजे छेना आणि साखर किंवा गूळ, बाकी काही नाही. रसगुल्ल्यात बरेच जण चिमूटभर रवा-मैदा घालतात. लेडीकेनी आणि पांतुआत तर पीठ असतंच, ते टाळा. जयनगरचा मोआ म्हणजे लाह्यांचा लाडू, म्हणून तोही त्या दिवशी बाद. दूध फाडलेलं उपासाला चालतं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. नसेल चालत तर मिष्टी दोई (गोड दही) आहेच.

---

प्रतिसाद : पाटावरवंटा

माझी आई संकष्टी करते, म्हणून एक महत्त्वाचं. दिनदर्शिकेत महाराष्ट्रातल्या गावांचा चंद्रोदय छापलेला असतो. कोलकाता मुंबईच्या जवळजवळ सोळा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे चंद्र घड्याळाप्रमाणे साधारण तासभर आधी उगवतो. सासूबाईंना ही बातमी आधीच द्या, खूश होतील. रात्रीच्या जेवणाची वेळही त्याच हिशेबाने धरा. जानेवारीत तिथे पाचनंतर लगेच अंधारून येतं, त्यामुळे सगळ्यांनाच भूक लवकर लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉटेलात "व्हेज" म्हणू नका, "निरामिष" म्हणा. बंगाली घरगुती स्वयंपाकात भाजीत आणि डाळीत मासा सर्रास घालतात. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं, कोबीच्या भाजीत माशाचं डोकं, केळफुलात किंवा दुधीत बारीक कोळंबी. दिसायला भाजी, आत मासा. वेटर फसवत नसतो, त्याच्या लेखी ती भाजीच असते. निरामिष म्हटलं की त्याला नेमकं कळतं, आणि खऱ्या निरामिष स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, आलं, जिरं, हिंग यांवरच चालतं. तरी ऑर्डर देताना "पेंयाज-रोशुन छाडा" एकदा म्हणून घ्या.

सासूबाईंसाठी मागवायचं: शुक्तो (कडवट, पहिल्या घासाला, दुपारीच खातात), छोलार डाल (हरभऱ्याची डाळ) आणि लुची (मैद्याची पुरी), धोकार डालना (डाळीच्या वड्यांचा रस्सा), आलू पोस्तो (खसखशीतला बटाटा), मोचार घोंटो (केळफुलाची भाजी, कोळंबी नाही ना हे विचारून). आणि जानेवारीत मटाराची कोचुरी (सारण भरलेली पुरी) सोडू नका. बालीगंज प्लेसच्या सिक्स बालीगंज प्लेसमध्ये मासे आणि निरामिष दोन्ही नीट मिळतं. संकष्टी तिथे सोडवा, टेबल आधी सांगून ठेवा.

नैवेद्याचं म्हणाल तर जलभरा संदेश घेऊन ठेवा. बाहेर छेना, आत नोलेन गुळाचा (खजुरीच्या रसाच्या नव्या गुळाचा) पाक, मोदकाचा चुलतभाऊ समजा. पहिला घास जपून घ्यायला सांगा, पाक थेट साडीवर येतो.

---

प्रतिसाद : सुरमईसम्राट

सासरेबुवांना माझ्यातर्फे सांगा: जानेवारीत हिल्सा नको. तो पावसाळ्यातला मासा. हिवाळ्यात ताटात येतो तो बहुतेक शीतगृहातला, आणि पैसे मात्र ताज्याचे. त्याऐवजी फ्लॉवर घातलेला कोई मासा खा, तो खरा थंडीतला. शिवाय पाबदा, चितोल, आणि कोळंबी हवी तर नारळाच्या दुधातली चिंगडी मलाईकरी. ही मलाईकरी मालवणी माणसाला पहिल्या घासात आपली वाटते.

एक सावधगिरी. आपल्याला समुद्राच्या माशाची सवय, नदीच्या माशाला काटे फार. लेकीला भेटकी द्या, केळीच्या पानातली पातुरी किंवा फिश फ्राय. पातुरीला मोहरी असते, म्हणून तिला फ्रायच. सोबत कासुंदी (मोहरीची चटणी) देतात, ती तिच्यापासून लांब ठेवा, नाकात जाते.

सासऱ्यांना एकदा तरी पाइस हॉटेलात (जुन्या स्वस्त खानावळीत) न्याच. कॉलेज स्ट्रीटजवळच्या गल्लीत स्वाधीन भारत हिंदू हॉटेल, जानबाजारात सिद्धेश्वरी आश्रम. फळ्यावर आजचे मासे लिहिलेले, भात वेगळा, डाळ वेगळी, केळीच्या पानाचेही वेगळे पैसे. वाढपी एका दमात सगळी नावं म्हणतो, आपण बोट दाखवायचं. दुपारी एकच्या आत पोचा, चांगले तुकडे आधी संपतात. शनिवारी सासूबाई आणि लेक पॅरामाउंटमध्ये बसतील तेवढ्यात बापलेक तिथे जेवून येतील.

---

प्रतिसाद : धागाकर्ती

बापरे, एका दिवसात एवढी मदत! चंद्रोदयाचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच पंचांग काढून खात्री केली आणि "मग तिकडेच राहू या का चतुर्थीपुरतं" म्हणाल्या. सासरे हिल्सा सोडायला तयार नाहीत, पण "कोई" लिहून घेतलाय.

शुक्रवार कमी केला: सकाळी हलका नाश्ता, दुपारी चेलो कबाब लवकर, रात्री बिर्याणी किंवा रोल, दोन्ही नाही. फ्लुरीज सोमवारी सकाळी टाकलं. पण शुक्रवारी दुपारी सासूबाईंचं काय? आणि बिअरचं कुणीच बोललं नाही!

---

प्रतिसाद : हुगळीकाठ

शुक्रवारी तुम्ही कबाब खाताना सासूबाईंना रसेल स्ट्रीटवर गांगौरला पाठवा, शुद्ध शाकाहारी, पार्क स्ट्रीटपासून पायी जाता येतं. कोण सोबत जाणार ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. संध्याकाळी पुचका (तिथली पाणीपुरी) खाऊ देत, आतलं बटाट्याचं सारण तिखट असतं, पण "झाल कम" म्हटलं की कमी करतात. आपल्यासारखं गोड पाणी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, चिंचेचं आंबट पाणी हाच तिथला न्याय.

बिअर: ब्रॉडवे, चांदनी चौक मेट्रोजवळ गणेशचंद्र अव्हेन्यूवर. 1937 चं हॉटेल, खाली बार, उंच छत, मोठ्या खिडक्या, जुने वेटर. गोंगाट नाही, कुणी उठवत नाही. पार्क स्ट्रीटला गाणं ऐकत बसायचं तर ट्रिंकाज. उषा उथुप 1969 मध्ये तिथेच गायच्या. तुमच्या "शांतपणे" या अटीला ब्रॉडवेच बरं. सोबत कुणी तरुण भाचा-पुतण्या असेल तर पश्चिम बंगालात मद्यपानाचं वय 21 आहे.

रविवारचं टिरेट्टा बाजार फक्त तुम्ही दोघं करा. पोद्दार कोर्टाच्या मागे, सकाळी सहाच्या सुमाराला खाण्याच्या पाट्या लागतात, बाव, मोमो, माशाच्या गोळ्यांचं सूप, आणि आठपर्यंत चांगलं ते संपलेलं असतं. शाकाहारी माणसाला तिथे उभं राहण्यापलीकडे काम नाही. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, टॅक्सीच करा. परत येऊन सगळ्यांना घ्या आणि मेट्रोने थेट दक्षिणेश्वरला जा. तिथे देवळाबाहेर हिंगाची कोचुरी आणि बटाट्याची भाजी, हा सासूबाईंचा नाश्ता. देऊळ दुपारी बंद असतं, म्हणून आधी दर्शन, मग कोचुरी. तुमच्या पोटात जागा राहिली असेल तर तुम्हीही बसा, बहुतेक राहणार नाही. त्या रात्री टांगरा कापून टाका.

---

प्रतिसाद : पाटावरवंटा

सोमवारच्या खरेदीबद्दल: नोलेन गुळाचे संदेश नरम असतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवायचे. घरी न्यायचं असेल तर पाटाली (गुळाची ढेप) आणि मोआ घ्या. पातळ गूळ मडक्यात देतात, ते मडकं सामानात फुटलं तर आवरता आवरत नाही. मोआ हातातल्या पिशवीत वर ठेवा, खाली गेला की त्याचा लाह्यांचा चिवडा होतो.

---

प्रतिसाद : धागाकर्ती

ब्रॉडवे पक्कं, शुक्रवारी रात्री. गांगौरला सासूबाईंसोबत नवरा जाणार, असं त्याला आज संध्याकाळी कळेल. सुरमईसम्राट, सासरे विचारताहेत की कोई मासा पाइस हॉटेलात मिळेल का, की त्यासाठी वेगळं जायला हवं?

---

प्रतिसाद : सुरमईसम्राट

थंडीत बहुतेक वेळा फळ्यावर असतो. नसला तर पाबदा मागवा. आणि त्यांना म्हणावं, हिल्सासाठी ऑगस्टमध्ये परत या.