मदत हवी आहे : बाबांना टीव्हीवरचे शब्द कळावेत म्हणून साउंडबार घ्यायचाय. २.१ की ३.१? आणि फ्लॅटमध्ये सबवूफर ठेवायचा कुठे?

नमस्कार मंडळी, (नवख्यांसाठी : साउंडबार म्हणजे टीव्हीखाली लावायचा लांब स्पीकर. २.१, ३.१ मधला पहिला आकडा मुख्य स्पीकरच्या वाटांचा, आणि '.१' म्हणजे खालचा जाड आवाज, म्हणजे बेस, देणारा सबवूफर.)

आमच्याकडे २०१९ साली घेतलेला ४३ इंची एलईडी टीव्ही आहे, भिंतीवर लावलेला. चित्र उत्तम आहे. तक्रार आवाजाची आहे आणि ती बाबांची आहे. त्यांचं वय ७४. ते म्हणतात, "आवाज येतोय रे, पण शब्द कळत नाहीत." बातम्या एकवेळ समजतात. मालिका, जुन्या नाटकांची चित्रीकरणं आणि क्रिकेटची कॉमेंट्री मात्र हुकते, कारण मागे संगीत नाहीतर प्रेक्षकांचा गलका चालू असतो. मग आवाज वाढवायचा, तेवढ्यात जाहिरात दणकते, आई आतून "अहो, कमी करा" म्हणते, आणि कमी केला की पुढचं वाक्य गेलं. हल्ली ते नुसते बघत बसतात आणि काय चाललंय ते आईला विचारतात. मला ते बघवत नाही.

घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉल साधारण १० बाय १६ फूट. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. एका बाजूला बाल्कनीचा सरकता दरवाजा, दुसरी बाजू स्वयंपाकघराकडे उघडी. खालच्या घरात दहावीची मुलगी आहे. फार चांगली माणसं आहेत, त्यांच्या डोक्यावर धडधड नको. टीव्हीला तीन एचडीएमआय पोर्ट आहेत, एकावर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने बाहेरच्या स्पीकरकडे पाठवायची सोय) लिहिलंय, शिवाय ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या तारेने आवाज बाहेर देणारं भोक) आहे. डीटीएचचा एचडी बॉक्स आणि एक स्ट्रीमिंग स्टिक जोडलेली आहे. टीव्हीतलं संवाद स्पष्ट करण्याचं सेटिंग चालू केलंय. थोडा फरक पडतो, पण आवाज चिरका होतो.

बजेट २० हजार, गरज पडली तर थोडं ताणेन. दुकानांत गेलो की बेसवालं गाणं लावतात, सोफा थरथरतो, आणि डब्यावरचे वॉट दाखवतात. बातम्या किंवा दोन माणसांचं साधं बोलणं कुणीच लावून दाखवत नाही.

माझ्या डोक्यात सोनीचे दोन सेट आहेत. एचटी-एस४०० हा २.१, वायरलेस सबवूफरचा. एचटी-एस२०आर हा ५.१, मागच्या दोन स्पीकरना वायर असलेला. पण माझा खरा प्रश्न मॉडेलचा नाही. बोलणं स्पष्ट व्हायला नेमकं काय लागतं? सबवूफरमुळे बाबांना फायदा होईल की उलट शब्द आणखी बुडतील? आत्ता नुसता बार घेऊन सबवूफर नंतर घेता येतो का? आणि जोडणी अशी हवी की बाबांना एकच रिमोट पुरेल. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

---

सह्यकडा :

तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'मधला स्पीकर' हे आहे.

५.१ मध्ये ध्वनिमिश्रण करताना बहुतेक संवाद मधल्या चॅनलवर (चॅनल म्हणजे इथे आवाजाची स्वतंत्र वाट) ठेवतात आणि संगीत, गलका डाव्या-उजव्या व मागच्या चॅनलवर पसरतात. टीव्हीला दोनच स्पीकर असल्यामुळे तो मधला चॅनल डाव्या-उजव्यात मिसळून टाकतो. एकदा मिसळलं की टीव्हीला संवाद वेगळे उचलता येत नाहीत. आवाज वाढवला की सगळंच वाढतं. ३.१ बारमध्ये संवादासाठी स्वतंत्र स्पीकर असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्याची पातळी रिमोटवरून वेगळी वाढवता येते. २.१ मध्ये ती सोय नसते. तिथे 'व्हॉइस' नावाचं बटण असतं, ते फक्त बोलण्याच्या पट्टीतली कंप्रता (आवाजाचा उंच-नीचपणा, हर्ट्झमध्ये मोजतात) उचलतं. त्यानेही फरक पडतो, पण कमी.

एक शंका तुम्हाला येईल : डीटीएचवर बरेच चॅनल साध्या स्टिरिओतच येतात, मग मधला स्पीकर काय करणार? बोलणारा माणूस स्टिरिओतही दोन्ही बाजूंना सारखाच ध्वनिमुद्रित असतो. दोन्हींत जे समान आहे ते काढून मधल्या स्पीकरला देण्याचं काम ३.१ बार करू शकतो. निवेदक, कॉमेंटेटर यांच्यासाठी ते बऱ्यापैकी जमतं.

आता सबवूफर. पुरुषी आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांची धार मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असते. जोरदार बेस वरच्या कंप्रता झाकून टाकतो, हे खरं आहे. म्हणून बाबांसाठी सबवूफरची पातळी कमीच ठेवा. पण तो असण्याचा एक फायदा आहे : खालचा भार त्याने उचलला की बारमधले छोटे स्पीकर मोकळे होतात आणि बोलणं जास्त स्वच्छ येतं.

वॉटच्या आकड्यांकडे बघू नका. वॉट दुप्पट केले तरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. १६० चौरस फुटांच्या हॉलला ३०० काय आणि ५०० काय.

एस२०आरच्या बारमध्ये मधला स्पीकर आहे, हा मुद्दा त्याच्या बाजूने. पण मागच्या स्पीकरच्या वायरी सोफ्यापर्यंत न्याव्या लागतील. घरात ७४ वर्षांचे बाबा आहेत. वायर पट्टीतून नीट बसवता येत नसेल तर मी तो घेणार नाही.

---

नंदादीप :

बार जरूर घ्या, पण त्याआधी बाबांचे कान तपासून घ्या. "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" हे वाक्य माझ्या सासूबाई अक्षरशः असंच म्हणायच्या. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या कंप्रता जातात. स, श, फ, थ यांसारखे वर्ण निसटतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला वाटतं आपलं ऐकणं ठीक आहे, समोरचेच पुटपुटतात.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, ते आधी कानात मळ साचलाय का बघतील. तेवढ्यानेही कधीकधी बराच फरक पडतो. मग ऑडिओग्राम काढतात. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, दुखत-खुपत काही नाही. सासूबाईंना यंत्र लागलं. काही श्रवणयंत्रांना टीव्हीला जोडायचा छोटा ट्रान्समीटर मिळतो, त्याने टीव्हीचा आवाज थेट कानात जातो आणि घरच्यांसाठी नेहमीचा आवाज चालू राहतो. बाबा यंत्राला नाही म्हणाले तर आग्रह करू नका, आधी तपासणीला तरी घेऊन जा. आमच्याकडे तपासणीचा आलेख डोळ्यांनी बघितल्यावरच त्या तयार झाल्या.

तोवर एक करा : स्ट्रीमिंगवर जिथे मराठी किंवा हिंदी सबटायटल असतील तिथे ती चालू ठेवा.

---

भरतीओहोटी :

जोडणीबद्दल लिहितो. टीव्हीवर ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय त्याच पोर्टातून बारच्या एआरसी पोर्टात एचडीएमआय केबल लावा. दुसऱ्या पोर्टात लावली तर टीव्हीचा आवाज बारकडे जाणारच नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटने जोडलेली उपकरणं चालवायची सोय) चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलंय : सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की बारही बंद होतो. बाबांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. फक्त डीटीएचचा रिमोट चॅनलसाठी वेगळा राहील. बहुतेक डीटीएच रिमोटना टीव्हीची आवाजाची बटणं शिकवता येतात, ते करून घ्या म्हणजे खरोखर एकच रिमोट हातात राहील.

ऑप्टिकलनेही आवाज चांगला येतो, पण त्यातून रिमोटचे हुकूम जात नाहीत. ब्लूटूथ टीव्हीसाठी नकोच. आवाज मागे पडतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते नकळत ओठ बघूनच समजून घेत असतात.

ई-एआरसीसाठी (एआरसीची पुढची आवृत्ती) टीव्ही बदलण्याची गरज नाही. साधा एआरसी २००९ पासून आहे आणि त्यातून डॉल्बी डिजिटल प्लसपर्यंत (५.१ सारखा अनेक वाटांचा आवाज पाठवायचा एक प्रकार) सगळं जातं. तुमच्या बजेटमध्ये त्यापुढचं काही लागणार नाही.

सबवूफर नंतर घेण्याबद्दल : सावध राहा. वायरलेस सबवूफर त्याच कंपनीच्या ठरावीक बारशीच जुळतो. नुसत्या बारला 'सब आउट'चं भोक असेल तरच बाहेरचा सबवूफर जोडता येतो, आणि या किमतीत ते क्वचित दिसतं. म्हणून एकत्रच घ्या आणि गरजेप्रमाणे आवाज ठेवा.

---

तिसरी_घंटा :

मी फ्लॅटमध्येच राहतो, त्यामुळे खालच्या मुलीबद्दल तुम्ही विचार करताय हे वाचून बरं वाटलं. बेस दारं बंद करून अडत नाही. ४० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट साडेआठ मीटरच्या आसपास लांब असते, ती भिंतीतून आणि स्लॅबमधून पुढे जाते.

दुकानवाले सांगतात सबवूफर कोपऱ्यात ठेवा. कोपऱ्यात बेस फुगतो, म्हणून त्यांना तो आवडतो. तुमच्याकडे उलट करा. सोफ्याच्या अगदी बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवा. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे तो टीव्हीजवळ असायलाच हवा असं नाही. जवळ असला की अगदी कमी आवाजात बाबांना पुरतो आणि खाली कमी जातो. खाली जाड रबर किंवा दाट फोमची गादी घाला, थेट लादीवर नको.

तुमचा हॉल १० फूट रुंद आहे, त्या रुंदीला सुमारे ५६ हर्ट्झचा सूर घुमतो आणि तो भिंतीपाशी सगळ्यात जास्त जाणवतो. तुमचा सोफा नेमका भिंतीलाच टेकलाय. फूटभर पुढे घेता आला तर बघा, नाहीतर सबवूफर आणखी खाली करा. जागा ठरवायची जुनी पद्धत अशी : सबवूफर उचलून बाबांच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा, मग जिथे जिथे तो ठेवता येण्यासारखा आहे तिथे स्वतः खाली बसून ऐका. जिथे बेस सारखा आणि स्वच्छ ऐकू येतो, घुमत नाही, ती त्याची जागा.

रात्री 'नाइट मोड' लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. जाहिरातीचा दणका आणि हळू संवाद, दोन्ही त्रास कमी होतात. आमच्याकडे तो दिवसाही चालू असतो. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. चालू सबवूफरची धमक तेवढ्या शांततेत सहज कळते.

---

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदादीप, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने लगेच बाबांना तपासणीसाठी तयार केलं, पुढच्या आठवड्यात जातोय. बार त्यानंतरच घेईन.

आता ३.१ वर मन पक्कं होतंय. दोन शंका राहिल्या. टीव्हीखाली भिंतीत कोनाड्यासारखा कप्पा आहे, सेटटॉप बॉक्स त्यात असतो. बार त्यात ठेवला तर चालेल का? आणि दुकानात नेमकं काय ऐकून बघू?

---

सह्यकडा :

कोनाड्यात नको. बाजूच्या भिंतींवर आपटून आवाज घुमेल आणि शब्द पुन्हा अस्पष्ट होतील. टीव्हीखाली भिंतीवरच लावा, नाहीतर कप्प्याच्या अगदी पुढच्या कडेला, तोंड मोकळं ठेवून. सोफ्यावर बसलेल्या बाबांच्या कानाच्या उंचीच्या जितका जवळ तितका चांगला.

दुकानात बाबांना घेऊन जा. जे नाटक त्यांना घरी कळत नाही तेच मोबाइलवरून तिथल्या टीव्हीवर लावायला सांगा. सबवूफर आधी पूर्ण बंद, व्हॉइस मोड बंद, आवाज घरच्याइतकाच ठेवा. नुसत्या बारवर शब्द कळतात का हे त्यांना विचारा, तुम्ही उत्तर देऊ नका. मग मधल्या स्पीकरची पातळी एकेक पायरी वाढवा. त्यानंतर सबवूफर हळूहळू चालू करा आणि शब्द अस्पष्ट व्हायला लागले की तिथून एक पायरी मागे या. तो आकडा लिहून घ्या, घरी सुरुवात तिथूनच करायची.

पैसे देण्याआधी खोक्यात एचडीएमआय केबल आणि भिंतीचे ब्रॅकेट आहेत का ते उघडून बघा, आणि एआरसी त्यांच्याकडून तिथेच एकदा चालू करून घ्या.