घूस एकटी, मोल रॅटचा मात्र गोतावळा: असं का?

धायरीकर:
भीमाशंकरचं शेकरू एकेकटं फिरतं. बांधावरच्या घुशीच्या बिळातही मोठं जनावर बहुधा एकच. उलट आफ्रिकेतल्या नेकेड मोल रॅटच्या (जमिनीखाली बोगद्यांत राहणारा, जवळजवळ बिनकेसांचा उंदरासारखा प्राणी) वसाहतीत ७०-८०, क्वचित ३०० च्या आसपास. सगळेच कुरतडणारे, मग मोजक्याच जातींनी गोतावळा का केला? 'जास्त डोळे, जास्त सुरक्षितता' एवढंच कारण असतं तर घुशीनेही तेच केलं असतं. आणि पुण्याजवळच्या मांजरी गावाकडच्या बांधांवर घुशी मोजायच्या असतील तर बिळांवरून अंदाज कसा बांधायचा?

बिळवाला:
प्रश्न उलटा करा. एकत्र का आले यापेक्षा पिल्लं घराबाहेर का पडली नाहीत, हे शोधा. यांचे बहुतेक गट म्हणजे आईजवळच राहिलेली लेकरं. (पुण्यातली घरभाडी पाहता हे समजायला जड जाऊ नये.)

मोल रॅट राहतो केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या कोरड्या भागात. खातो जमिनीखालचे कंद. कंद मोठे, पण लांब लांब विखुरलेले. प्राणी जेमतेम ३०-४० ग्रॅमचा, खणतो दातांनी. वाळलेल्या कडक जमिनीत एकट्याने बोगदा काढायचा तर कंद लागण्याआधीच उपासमार. म्हणून पावसाने माती मऊ झाली की सगळे रांगेने जुंपतात: पुढचा कुरतडतो, मधले माती मागे सारतात, शेवटचा ती बाहेर उडवतो. मोठा कंद लागला तर आतला गर खाऊन बाहेरचा भाग शाबूत ठेवतात, मग तो पुन्हा भरतो. एक कंद बराच काळ पुरतो, पण शोधायला माणसं फार लागतात!

पिल्लं घालणारी राणी एकच, सोबत एक ते तीन नर, बाकीचे कामकरी. मधमाश्यांसारखी ही व्यवस्था जेनिफर जार्विस यांनी १९८१ मध्ये मांडली. त्याच कुळातला केप ड्यून मोल रॅट बऱ्या पावसाच्या, भुसभुशीत वाळूत राहतो आणि एकटा राहतो.

गवताळ:
कंदांचं पटलं, पण त्याने प्रेअरी डॉगचं (उत्तर अमेरिकेतल्या माळांवर बिळांच्या वसाहतीत राहणारी खार) कोडं सुटत नाही. गवत तर चहूकडे आहे. तिथे मुद्दा शत्रूचा. उघडं माळरान, दिवसा चरणं, वर ससाणे, खाली कोल्हे. ते बिळांभोवतीचं उंच गवत न खाताही छाटून टाकतात, लांबचं दिसावं म्हणून.

पण ओरडून इशारा देणारा स्वतः उघडा पडतो, त्याला काय मिळतं? पॉल शेरमन यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेल्डिंग खारींवर (याही जमिनीत बिळं करून राहणाऱ्या) हेच दाखवलं: जमिनीवरचा शत्रू दिसला की लेकी-बहिणी जवळ असलेल्या माद्या जास्त ओरडतात. नर जन्मस्थान सोडून गेलेले असतात, ते कमी ओरडतात. त्यामुळे 'जातीच्या भल्यासाठी' हे शाळेतलं उत्तर सोडून द्या. हिशेब रक्ताच्या नात्याचा आहे.

किंमतही मोजावी लागते. दाटीमुळे पिसवा वाढतात, आणि प्लेग शिरला की प्रेअरी डॉगची अख्खी वसाहत साफ होते. शिवाय दूध पाजणारी मादी नात्यातल्याच दुसरीची पिल्लं मारून खाते. एकत्र कुटुंब म्हटलं की सगळं गोडच असं नाही.

बिळवाला:
आता घूस. बांधाची माती तिला एकटीला खणता येते, कणसं शेजारीच, आणि ती धान्य बिळात साठवते. साठा असला की वाटेकरी नको असतो, म्हणून भांडकुदळ. गोदामात घुशी दाटीने दिसतात, ती धान्याची ओढ. तिला समाज म्हणू नका.

मोजणी: संध्याकाळी प्रत्येक तोंड ओल्या मातीने बुजवा, शेजारी काठी रोवून क्रमांक द्या. सकाळी उघडलेली तेवढी मोजा. इथे नेहमी चूक होते: एका बिळाला अनेक तोंडं असतात, त्यामुळे उघडी तोंडं म्हणजे तितक्या घुशी नव्हेत. ताज्या मातीचे ढीग बघून जवळजवळची तोंडं एका बिळात धरा. शिवाय घूस स्वतःच आतून तोंड बुजवते, म्हणून एका रात्रीवर विसंबू नका, सलग तीन रात्री करा. शेतात पाणी भरल्यावर मोजू नका, तेव्हा आजूबाजूच्याही बांधावर चढलेल्या असतात.

धायरीकर:
म्हणजे तोंडांपेक्षा ढीग बघायचे. आणि पिल्लांसह मादी असेल तर?

बिळवाला:
तरी एक बीळ, एक प्रौढ. पिल्लं वेगळ्या रकान्यात, तीही बीळ खणून पाहिलं तरच.