३१ मेचा सामूहिक निरोप समारंभ: ठेवावा की बंद करावा?

जावक_बारनिशी
शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख १ जून लावून दिलेली पिढी सध्या निवृत्त होते आहे. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर सेवा आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. त्यामुळे राज्य शासनाच्या कार्यालयांत ३१ मेला माणसं घाऊक बाहेर पडतात. मग एक हॉल, एक माइक आणि सात सत्कारमूर्ती. प्रत्येकाबद्दल तीन वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं धरली तरी पावणेदोन तास नुसती भाषणं. त्यात बोलतात कोण? बदलून येऊन वर्षही न झालेले साहेब. वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी मागे वेफर्सच्या बशा भरत असतो. माझं मत स्पष्ट आहे, हा प्रकार बंद करा. जाणाऱ्याने शेवटच्या आठवड्यात टेबलाटेबलाशी जाऊन भेटावं.

आस्थापना_दोन
असहमत. शेवटच्या आठवड्यात त्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते, साहेब. कार्यभार हस्तांतरणाची यादी, कपाटाच्या किल्ल्या, ओळखपत्र, ना-देय प्रमाणपत्र (काही देणं बाकी नसल्याचा दाखला), डिजिटल स्वाक्षरीचं टोकन. ई-ऑफिसमधल्या (संगणकावरच्या) नस्त्या, म्हणजे फायली, आधीच दुसऱ्याकडे वळवल्या नाहीत तर खातं बंद झाल्यावर तिथेच अडकतात आणि मग जुलैत त्यालाच फोन जातात.
समारंभ घरच्यांसाठीही असतो. बायको-मुलं ऑफिस बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा बघतात. तो बंद नको, आटोपशीर करा. एका सत्कारमूर्तीमागे एकच वक्ता, तोही त्याच शाखेतला, तीन मिनिटं. सत्कारमूर्तीला पाच. सात जणांचं तासाभरात उरकतं. सुरुवात साडेतीनला, पाचला ठेवलात तर सव्वासहाची गाडी पकडणारे भाषण चालू असतानाच पिशव्या उचलतात. आणि तारीख बघून घ्या. २०२६ च्या ३१ मेला रविवार आहे, म्हणजे कार्यक्रम शुक्रवारी, २९ तारखेलाच.

गट_क
वेळेचं राहू द्या, वर्गणीबद्दल कोणी बोलत नाही. नावांपुढे रक्कम लिहिलेला कागद टेबलावरून फिरतो, वरच्याने पाचशे लिहिले की खालच्याला शंभर लिहायची लाज वाटते. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १४ वाचा. खाजगी, अनौपचारिक स्वरूपाच्या निरोपाला मुभा आहे. पण वर्गणीसाठी दबाव आणायला मनाई आहे. शिवाय गट क आणि ड (खालच्या दोन श्रेणी) बाहेरच्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी क-ड कर्मचाऱ्यांकडून पैसे गोळा करायलाही मनाई आहे. तो नियम केंद्राचा, पण शहाणपण आपल्यालाही चालेल की! कंत्राटी डेटा एंट्रीवाल्यांकडून तर एक रुपया घेऊ नये.

आस्थापना_दोन
@गट_क हे मान्य. कागद फिरवू नका, बंद पाकीट ठेवा, नाव-रक्कम काही नको. जमेल तेवढ्यातच चहा, वडा, पेढा. शाखेतर्फे एकच शाल-श्रीफळ. प्रत्येक संघटना, पतसंस्था, मित्रमंडळ स्वतंत्र शाल आणतं आणि त्या शाली घरी कपाटात मावत नाहीत.

पेन्शन_शाखा
तुम्ही दोघेही शालीवर भांडताय. हार घालताना माणसाच्या हातात कागद कोणता दिला, ते सांगा. निवृत्तिवेतनाचं प्रकरण महालेखापालांकडे, म्हणजे मुंबईला किंवा नागपूरला जातं; ते बहुतेक वेळा मागे राहतं ते सेवापुस्तकातल्या, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीतल्या, त्रुटींमुळे. वेतननिश्चितीची पडताळणी नाही, नामनिर्देशन जुनं, मधल्या एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंदच नाही. हे निवृत्तीच्या महिन्यात हाती घेऊन काय उपयोग? वर्षभर आधी सेवापुस्तक उघडा. अर्जित रजेच्या रोखीकरणाचा (शिल्लक रजेचे पैसे देण्याचा) आदेश तर कार्यालयच काढतं, तो त्या दिवशी तयार नसायला काहीही कारण नाही. समारंभाच्या खर्चाची बैठक घेता, मग सेवापुस्तकाची का नाही?

जावक_बारनिशी
@पेन्शन_शाखा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण तो निरोपाला पर्याय नाही. आदेश मिळाला तरी अभिलेख कक्षातला माणूस भेटायचा राहतोच.
@आस्थापना_दोन फुरसत नाही म्हणता, कारण सगळे शेवटच्या दिवसावर ढकलतात. सोमवार ते बुधवार, सकाळी दहा ते साडेदहा, अभ्यागत यायच्या आत. एका टेबलाला चार-पाच मिनिटं, रोज सहा-सात टेबलं. यादी आधी लिहून काढायची, नाहीतर आपल्याच मजल्यावर फिरणं होतं. कोषागारातला बिलं बघणारा, आवक शाखा, वाहनचालक, पहारेकरी, झाडलोट करणाऱ्या मावशी, कँटीनवाला, ही नावं वर. या मंडळींना हॉलमध्ये खुर्ची नसते. आमच्यात दोन मिनिटंही कोणी यांच्याबद्दल बोललेलं ऐकिवात नाही.

आस्थापना_दोन
मावशींना पहिल्या रांगेत बसवा ना मग, हॉल कशाला बंद करता? आणि एक राहिलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याच संध्याकाळी काढू नका. थकबाकी, आयकर कपातीचा दाखला यांची विचारपूस पुढे महिने चालते. कार्यालयीन सूचनांच्या ग्रुपमधून काढा, गप्पांच्या ग्रुपमध्ये राहू द्या.

गट_क
गप्पांच्या ग्रुपवर रोज पहाटे पाचला सुप्रभात येणार, त्याची जबाबदारी आस्थापना शाखेची.