निर्बंध, नाकेबंदी की अडवणूक?

निपाणी: पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, अर्थशास्त्र शिकवते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना जागतिक व्यापाराच्या बातम्या समजावताना अडखळायला होतं. अमेरिकेने रशियावर घातले ते 'निर्बंध', चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर आणले तेही 'निर्बंध'. एखादं दैनिक त्यालाच 'आर्थिक नाकेबंदी' म्हणतं. फरक कसा सांगावा?

बेळगाव, उद्यमबाग: ताई, नाकेबंदी आधी बाजूला काढा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला की नाकेबंदी म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. वाट अडवायला तिथे माणसं उभी असतात. समुद्रात ते काम युद्धनौका करतात आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात ती युद्धाची कृती ठरते. म्हणून १९६२ मध्ये क्युबाभोवती नौदल उभं करूनही अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तो शब्द टाळला, 'क्वारंटाइन' म्हटलं. नुसतं शुल्क वाढलं की नाकेबंदी म्हणू नये.

निर्बंधात शिक्षेचा भाग असतो आणि कारण जाहीर असतं. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर आपल्यावर आले ते निर्बंध.

चीनचं प्रकरण निराळं. ४ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांना निर्यात परवाना सक्तीचा केला. अर्ज करा, माल कुठे वापरणार ते लिहून द्या, थांबा. ही चुंबकं गाडीच्या मोटरीत लागतात तशी क्षेपणास्त्रांत आणि लढाऊ विमानांतही लागतात, आणि जगातलं बहुतेक शुद्धीकरण चीनमध्येच होतं. तिथे उघड नकाराची गरजच पडत नाही. याला आपल्या भागात चांगला शब्द आहे, अडवणूक. ऊस वाळायला लागलाय, वजन घटतंय आणि कारखान्याची तोड काही येत नाही, तेव्हा शेतकरी जे म्हणतो तेच.

चिकोडी: शब्द पटला, पण वर्गात चालेल? त्यात आरोप आहे. चीन राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देतो. अमेरिकेनेही २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं ते १९६२ च्या व्यापार कायद्यातलं सुरक्षेचं कलम काढूनच. मी 'निर्यात नियंत्रण' म्हणेन.

बेळगाव, उद्यमबाग: नियमाचं नाव तेच, दादा. पण नियम कशासाठी वापरला हे त्या नावात येत नाही, आणि मुलांना कळायला हवं ते नेमकं तेच. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखाली येणारा गहू आठवा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तो बंद केला नाही, थोडा थोडा सोडत राहिले. आपण शेतीचं धोरण बदलावं हा दबाव त्यामागे होता, व्हिएतनामवरच्या आपल्या टीकेचा रागही होता. कागदोपत्री मदत चालूच होती. याला नियंत्रण म्हटलं तर देशाने तेव्हा काय सोसलं ते शब्दातून गळून जातं. उत्तरपत्रिकेत निर्यात नियंत्रण लिहू द्या, शिकवताना अडवणूक जरूर सांगा.

निपाणी: आणि 'कोंडी'?

बेळगाव, उद्यमबाग: कोंडी कुणी मुद्दाम करतो, तशी ती आपोआपही होते. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस जगाच्या व्यापाराची कोंडी झाली. अडवणूक कुणीच केली नव्हती.