वांग्यातली अळी निंबोळी अर्काने खरंच जाते का?

रानवाट७:
नमस्कार मंडळी. 20 गुंठे काटेरी वांगी आहेत, लावून अडीच महिने झाले. शेंडे माना टाकतायत आणि तोड्याला निम्मी वांगी भोकाची निघतात, व्यापारी बघूनच बाजूला सारतो. दुकानदार दर टायमाला नवी बाटली देतो, चार दिवसाआड फवारा चालूय, घरी तर ती वांगी कोणी खायला तयार नाही. म्हणून निंबोळी अर्क दोनदा मारला पण अळी जशीच्या तशी. हे सेंद्रिय वगैरे नुसतं बोलायलाच आहे का?

बांधावरचा:
दादा, अर्क मारला किती वाजता?

रानवाट७:
सकाळची जनावरं आवरून, 11 झाले असतील.

बांधावरचा:
तिथंच गेलं. निंबोळीतलं औषध उन्हात लवकर खराब होतं, संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचं, पानाच्या खालून पण. दुसरं म्हणजे निंबोळी काय विष नाही की मारलं आणि अळी पटकन खाली पडली, ती अळीचं खाणं तोडते, वाढ बिघडवते, तेही बाहेर असलेल्या बारीक अळीची. अंड्यातून निघाली की थोड्या वेळात शेंड्यात नाहीतर वांग्यात घुसते, मग आत बसलेलीला तुमचा अर्क पण पोचत नाही आणि दुकानदाराची बाटली पण नीट पोचत नाही. म्हणून आधी शेंडे खुडा. सुकलेला प्रत्येक शेंडा खालून थोडा हिरव्यासकट तोडायचा, पोत्यात भरून जाळायचा, किडकी वांगी पण तशीच. बांधावर टाकून दिलं तर काय उपयोग, अळी तिथंच कोषात जाते न पतंग होऊन परत तुमच्याच रानात.

माळीणबाई:
आमच्याकडे सासूबाई नि मी आठवड्यातून दोनदा शेंडे खुडतो, कंटाळा येतो पण फरक त्यानेच पडला. अर्क घरीच करतो, 5 किलो निंबोळी कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून दोनदा गाळायचं नाहीतर नोझल तुंबतं आणि मग घरात भांडणं 😄 त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण 100 लिटर करायचं. हा 5 टक्के झाला. त्याच दिवशी संपवा, उरलेला ठेवू नका. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवून ठेवायच्या, आत्ता शोधायला गेलात तर विकतच्याच मिळणार.

तात्या_४२:
कामगंध सापळे लावा की, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे. वांग्याच्या अळीची लूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, वेगळी मिळते, दुकानात नीट सांगा नाहीतर टोमॅटोची हातात देतील, माझं तसं झालंय. त्यात फक्त नर अडकतात, दोनचार सापळ्यानी पतंग किती हे कळतं, संपवायचे तर बरेच लागतात. आणि शेजारच्याच्या जुन्या वांग्याच्या काड्या बांधाला रचलेल्या असतील तर त्या आधी हलवा, बरीच कीड तिथूनच येते.

रानवाट७:
काड्या माझ्याच आहेत तात्या, मागच्या वर्षीच्या, चुलीला ठेवल्यात 😑 आज रात्रीच पेटवतो. पण मावा पण आहे थोडा, त्याला काय करू?

माळीणबाई:
थोडाच असेल तर राहू द्या, पानावर ढालकिडे, मावा खाणारे, दिसतायत का बघा आधी. ते असतील तर फवारा अजिबात नको भाऊ.