पित्ताच्या गोळीवर चार वर्षं, आता आतड्याला सूज म्हणतात. दोन्ही एकच दुखणं का?

मच्छेचा_टर्नर
नमस्कार मंडळी. वय ४३, उद्यमबागला लेथवर असतो. चार वर्षं झाली, सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४० घेतल्याशिवाय दिवस निघत नाही. चुकली की दुपारच्या डब्यानंतर छातीत आग, आणि वाकून चकमध्ये जॉब धरायला गेलो की आंबट पाणी घशाशी. गोळीनं थांबायचं, म्हणून परत कुणाला विचारलंच नाही.

गणपतीपासून मात्र नवीनच लागलंय. दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं, चिकट आव पडते, रात्री अडीच-तीनला पोटात पिळा येऊन जाग येते. वजन ७१ वरून ६५. पट्ट्याला शॉपमधल्याच पंचनं दोन नवी भोकं पाडली. जंताची गोळी झाली, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, फरक शून्य. आता डॉक्टर म्हणतात आतड्याला सूज असावी, संडासची तपासणी करा. चिठ्ठीवर लिहिलंय कॅल्प्रोटेक्टिन, आतड्याला सूज असली की संडासात त्याचा आकडा वाढतो म्हणे.

बायको म्हणते, चार वर्षं दाबलेलं पित्त खाली उतरलं. फोरमन म्हणतो, गोळीनंच आतडी खाल्ली. त्याचं ऐकून सोमवारी गोळी सोडली, तर आता वर जाळ आणि खाली ही तऱ्हा. काय करूलालो तेच कळेना झालंय.

खानापूरचा_बाळू
तिखट आणि चहा बंद कर. नाचणीची आंबील, ताकात भाजलेलं जिरं. आठ दिवसांत बघ की.

निपाणी_मेडिकल
बाळूभाऊ, आंबील प्यावी हो, पण झोपेतून उठवणारी हगवण आणि सहा किलो वजन हा आंबिलीचा विषय नव्हे.

टर्नरसाहेब, पित्त खाली उतरत नाही. जठराच्या तोंडाशी झडपेसारखा स्नायू असतो, तो सैल पडला की आम्ल वर येतं. आतड्याची सूज वेगळी, त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उठते. पहिल्याचं दुसरं होत नाही. पण दोघांचे धागे कुठं कुठं जुळतात, म्हणून फोरमनही अगदीच खोटा नाही. जठरातलं आम्ल जंतू मारतं. वर्षानुवर्षं ते कमी ठेवलं की लहान आतड्यात नको ते जंतू वाढू शकतात आणि हगवणीचे काही संसर्ग सोपे होतात. तरी गोळी एकदम सोडू नका. सोडल्यावर जठर काही दिवस आधीपेक्षा जास्त आम्ल करतं, तुमचा सोमवारपासूनचा जाळ तोच असणार. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आता खरं सांगा, दुखण्याची गोळी कुठली घेता? माझ्या काउंटरवर पित्ताची गोळी एकटी फार क्वचित जाते.

मच्छेचा_टर्नर
धरलंत बघा. कंबर धरते, दिवसभर उभं काम. दीड-दोन वर्षं डायक्लोफेनॅक, कधी सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी पोटाचं विचारलं, मी पोटाचंच सांगितलं.

निपाणी_मेडिकल
हीच गोष्ट आधी सांगायची होती! ती गोळी जठरालाही सोलते आणि आतड्यालाही. पित्ताची गोळी जठर तेवढं सांभाळते, खालच्या आतड्याला तिचं छत्र नाही. शिवाय दोन्ही गोळ्यांनी कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा थोडा वर जाऊ शकतो. म्हणून नमुना द्यायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

शहापूरची_वैनी
भाऊ, मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, नववं वर्ष. पहिलं वर्षभर मूळव्याध म्हणून मलमं लावली, रक्त पडत होतं तरी. लाजेपायी सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही. माझा आजार मोठ्या आतड्यापुरता आहे. आतड्याच्या सुजेचाच दुसरा प्रकार म्हणजे क्रोन्स, तो मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो, जठराजवळ झाला तर पित्तासारखाच वाटतो. आणि आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, तो क्रोन्ससारखाच लहान-मोठं आतडं जुळतं तिथं बसतो. म्हणून दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणी सूज दाबायला स्टेरॉइड लिहून दिलं तर आधी विचारा. टीबी असेल तर स्टेरॉइडनं तो भडकतो.

रक्त पडलं, ताप आला किंवा गिळताना अडकलं तर तारखेची वाट बघू नका.

मच्छेचा_टर्नर
सगळं सांगून आलो. डॉक्टर ओरडले, पण बरं वाटलं. डायक्लोफेनॅक बंद, पित्ताची गोळी तूर्त चालू, कंबरेला शेक आणि साधी पॅरासिटामॉल. कॅल्प्रोटेक्टिन ३८० आलं, पन्नासच्या आत हवं म्हणे. एवढा आकडा गोळ्यांवर ढकलून चालणार नाही म्हणाले, शनिवारी मोठ्या आतड्याची दुर्बीण. आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर पाण्यातून प्यायचीय, वास घेतला तर समुद्राच्या पाण्यागत. बायकोनं कोकम सरबत करून ठेवलंय, त्यातून घेतली तर चालेल का?

शहापूरची_वैनी
कोकम नको भाऊ! लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पावडर पाण्यातूनच, फ्रीजमध्ये गार करून घ्या. मधे तोंडाला चव म्हणून गाळलेलं लिंबूपाणी. आणि त्या दिवशी न्हाणीघराजवळची खोली तुमची, पोरांना आधीच सांगून ठेवा.

मच्छेचा_टर्नर
खोली एकच आहे वैनी. पोरांना आजीकडं धाडतो.