सेल्फच्या सर्किटमध्ये छुपा स्विच: वायर नेमकी कुठे तोडायची?

शंकासुर:
गाडी किल्लीने चालू होणारी, मॅन्युअल गियर, कंपनीचा इमोबिलायझर (ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन लागू न देणारी यंत्रणा) नाही. चोरी टाळायला, छुपा स्विच दाबल्याशिवाय सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) लागू नये, एवढंच हवंय. कट-ऑफ बॅटरीकडून सेल्फला जाणाऱ्या जाड केबलवर घ्यायचा की किल्लीच्या वायरीवर? स्विच किती अँपिअरचा लागेल? चालत्या गाडीत इंजिन बंद पडण्याचा धोका आहे का?

तारतम्य:
जाड केबलला हात लावू नका. सेल्फ फिरताना तिच्यातून १००-२०० अँपिअर सहज जातात. तेवढा भार पेलणारा स्विच लपवणार कुठे? सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा, विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) ५० नंबर टर्मिनलची वायरही टाळा. त्यातला दांडा, म्हणजे प्लंजर, खेचला जाताना तिथे क्षणभर ३०-४० अँपिअर लागू शकतात. छोट्या स्विचचे कॉन्टॅक्ट त्यात चिकटून बसतात, मग स्विच चालू असो वा बंद, गाडी चालू होते आणि मालकाला पत्ताच नसतो.

स्विच हवा स्टार्टर रिलेच्या (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा डबीसारखा स्विच) कॉइलच्या वायरीत. तिथे प्रवाह जेमतेम १५०-२०० मिलीअँपिअर, म्हणजे ३ अँपिअरचा साधा स्विच भरपूर झाला.

वायर शोधायला फ्यूज बॉक्समधून स्टार्टर रिले उपसा, गाडी न्यूट्रलला ठेवा. मल्टीमीटरची काळी पिन बॉडी अर्थला (गाडीच्या उघड्या धातूला), लाल पिन रिलेच्या सॉकेटमधल्या ८६ नंबरच्या खाचेला (काही गाड्यांत ८५ला). दुसऱ्या माणसाला क्लच दाबून किल्ली स्टार्टपर्यंत फिरवायला सांगा. फक्त तेवढ्यापुरते १२ व्होल्ट आले तर हीच ती वायर. ३० नंबरवर कायम सप्लाय असू शकतो, त्याला फसू नका. त्याच रंगाची वायर स्टिअरिंग कॉलमखाली, किल्लीच्या कनेक्टरपाशी सापडते. पण रंगावर विश्वास नको, तिथे पुन्हा मोजा.

तोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून १० मिनिटं थांबा. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना शिवायचंसुद्धा नाही. वायर कनेक्टरपासून ६-८ सेंटीमीटर सोडून तोडा, म्हणजे उद्या मूळ जोडणी करायला जागा राहील. पुढे १ चौरस मिलीमीटरची, हार्नेससारखीच (गाडीतल्या मूळ वायरींच्या जुडग्यासारखीच) काळी वायर घ्या. लालभडक वायर म्हणजे चोराला पाटी लावून ठेवल्यासारखं. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबून) वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसत्या सोल्डरने वायर जोडाशेजारी ताठ होते आणि कंपनाने तिथेच तुटते. सुरीसारखी पट्टी दाबून बसवायचे टॅप कनेक्टर तर नकोतच, ते वायरीचे काही धागे कापतात.

इंजिन चालू झालं की या वायरीचं काम संपतं, त्यामुळे चालत्या गाडीत काही होत नाही. फ्युएल पंपाच्या वायरीत स्विच घातला तर मात्र लूज कॉन्टॅक्टने गाडी भर रस्त्यात बंद पडेल, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदतही जाईल.

दुसराफेरा:
वरच्यात एक दुरुस्ती: टॉगल (एकदा पाडला की तसाच राहणारा स्विच) घेऊ नका, दाबलं तेवढाच वेळ जोडणारं पुश बटण घ्या. टॉगल बंद करायला माणूस चार दिवसांत विसरतो. बटण दाबून किल्ली फिरवायची, सोडलं की सर्किट आपोआप तुटलेलं. अपवाद सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांचा. तिथे सर्किट तुटलेलं असेल तर इंजिन परत लागणारच नाही, म्हणून टॉगलच हवा आणि तो पूर्ण प्रवासात चालू.

काहीजण वेगळा छुपा स्विच न लावता मागच्या काचेच्या डीफॉगरचं (काच तापवून धुकं घालवणारी सोय) बटण वापरून रिले चालवतात; युक्ती छान आहे, पण बऱ्याच गाड्यांत किल्ली स्टार्टला गेली की डीफॉगरचा सप्लाय तुटतो. आधी मोजून बघा. स्विच सीटखाली बसवताना सीट सरकण्याची पट्टी वाचवा, वायर तिथे चेंगरते.

शंकासुर:
रिलेच नाही! किल्लीची वायर सरळ सोलेनॉइडला जाते. शिवाय प्लास्टिकमागे रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) लावून चुंबकाने चालवता येईल का?

तारतम्य:
मग ४० अँपिअरचा रिले बसवा. वायर तोडा, किल्लीकडचं टोक ३०ला, सोलेनॉइडकडचं ८७ला, दोन्हीकडे २.५ चौरस मिलीमीटर वायर. किल्लीच्याच टोकातून एक बारीक फाटा छुप्या स्विचमधून ८६ला, ८५ बॉडी अर्थला, रंग खरवडलेल्या जागी. ८७ए (रिले बंद असतानाच जोडलेली पिन) वापरू नका, त्यात छुप्या स्विचची वायर तुटली तरी गाडी चालू होते.

रीड स्विच चालेल, पण बरेचसे जेमतेम अर्ध्या अँपिअरचे असतात आणि कॉइल बंद होतानाचा झटका त्यांना खातो. कॉइलवर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, त्याच्यावरच्या पट्टीची बाजू ८६कडे. उलटा लागला तर सरळ शॉर्ट होऊन रीड जळेल.

दुसराफेरा:
मॅन्युअल गाडी धक्का मारून दुसऱ्या गियरमध्ये चालू होते, हे विसरू नका. बॉनेट उघडता आलं तर सोलेनॉइडच्या ३० आणि ५० वर स्क्रूड्रायव्हर टेकवूनही सेल्फ फिरतो. तेव्हा बॉनेटचं कुलूप आणि स्टिअरिंग लॉक धड आहेत का तेही बघून घ्या. पुढे कधी सेल्फ लागेना झाला तर आधी स्विचची दोन टोकं थेट जोडून बघा. लागला तर दोष स्विचमध्ये, सेल्फ उतरवायची गरज नाही.